अर्धी राहिलेली वेल

सासू मला न्यायला मेडशीहून बैलगाडीनं आल्या, तेव्हा मी मळ्यातल्या वाफ्यांना पाणी देत होते. लग्न होऊन वर्ष उलटलं होतं. नांदायला जायचं तेवढं राहिलं होतं. चिखलाचे हात धुऊन पाया पडायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात उलटासुलटा करून पाहिला.

"पोरीचे हात कोरेच काहून?" त्यांनी माझ्या आईला विचारलं. "आमच्या घरी बिनागोंदणाच्या सुनेच्या हातचं पाणी हिचे मामंजी घेत नाईत. आता गोंदून घ्या, मंगच नेतो."

आई हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

माझे हात कोरे राहायला कारण होतं. माझं रक्त लवकर थांबत नसे. लहानपणी नाक टोचलं तेव्हा आई उशीवर फडकी बदलून बदलून थकली होती. वडील मळ्यातली भाजी कारंज्याच्या बाजारात नेत, तिथं गोंदणारीण बसे. पण आईनं मला कधी तिच्यापुढे बसवलं नाही. आणि हे कोणाला सांगितलंही नाही. दुखणाईत पोर म्हणून नाव झालं असतं, तर कोणी सून करून घेतली नसती.

गोंदणारणीला बोलावणं गेलं. ती येईपर्यंत आईनं मला चुलीपाशी ओढलं. "चकार शब्द काढू नको," ती कानात म्हणाली. मला गोंदणाचं भय नव्हतं, आईच्या त्या कुजबुजण्याचं वाटलं.

गोंदणारीण उतारवयाची, हाडापेरानं मोठी बाई होती. तिनं करवंटीत काजळी घेतली, दुधाचे थेंब घालून बोटानं कालवली, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया त्यात बुडवल्या आणि माझा डावा हात मांडीवर ओढून मनगटापासून वेल टोचायला घेतली. सासू समोरच बसल्या होत्या. मी दात आवळून आढ्याकडे पाहत होते. तोंडातल्या तोंडात गाणं गुणगुणत ती भराभर टोचत होती, आणि मधेच तिचं गाणं बंद पडलं.

तिनं फडकं दाबलं. उचललं. पुन्हा दाबलं. वरची काजळी वाहून गेली होती आणि लाल ओघळ कोपराकडे निघाला होता.

"थांबली काहून?" सासू म्हणाल्या.

"रक्त थांबून नाई राह्यलं, बाई. मी आता सुई लावत नाई."

"अर्धीच वेल? लोक हासतीन आमाले."

गोंदणारणीनं सुया बाजूला ठेवल्या. "माही आजी सांगे, सुरवातीले वेल नव्हती, फुलं नव्हती, सुई बी नव्हती. डोंगरातले लोक पांगायले लागले, तवा एका मायनं बाभयीच्या काट्यानं लेकीच्या हनुवटीवर ठिपका देल्ला. कुठं बी गेली तरी माही लेक मले ओळखू यावी म्हून. तेच पयलं गोंदण. बाकी सारं मांगून आलं. हिले तं किती ठिपके झाले!"

"हे तू आताच रचलं."

"रचलं असन तं आजीनं रचलं."

सासूंनी आईकडे पाहिलं. "तुमाले ठाऊक व्हतं?"

आईनं पदर तोंडात कोंबला. मला वाटलं, आता सासू उठतील, गाडी जुंपायला सांगतील आणि माझं नांदणं इथंच संपेल.

त्या उठल्या खऱ्या. पण माझ्यापाशी येऊन खाली बसल्या, गोंदणारणीच्या हातून फडकं घेतलं, वर हळद टाकली आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. "हात वर धर," म्हणाल्या. आई पुढे आली, तर तिला म्हणाल्या, "तुमी दूध तापवा."

दुपार कलली, वडील मळ्यातून आले, तरी सासूंनी हात काढला नाही. फडकं उचलून बघायचं धाडस कोणी करत नव्हतं. दिवेलागणीला त्यांनीच ते हळूच सोडवलं. खाली काळे ठिपके होते, रक्त नव्हतं. आई भिंतीला टेकून मोठ्यानं रडली.

हात सुजला, ताप आला. तो उतरेपर्यंत सासू आमच्याकडेच राहिल्या आणि मग मला घेऊनच मेडशीला गेल्या. मामंजींपुढे त्यांनी माझा हात धरला. "गोंदलेली हाय," एवढंच सांगितलं.

पुढे मला दिवस गेले. महिने भरत आले तसं त्यांनी सुईणीला घरी बोलावून माझ्या रक्ताचं सांगितलं. ती हसण्यावारी नेऊ लागली, तेव्हा त्यांनी गाडीत गवत अंथरून मला वाशीमच्या दवाखान्यात नेलं. बाळंतपणात व्हायचं तेच झालं, रक्त थांबेना. डॉक्टरीणबाई आधीच सावध होत्या, म्हणून मी वाचले. शुद्धीवर आले तेव्हा मुलगी सासूंच्या मांडीवर होती, आणि त्या डॉक्टरीणबाईंना विचारत होत्या, "हिचं बी रक्त तसंच असन का?"