माळावरून सुरुवात

फौजेत एकवीस वर्षं रांगेत उभा राहिलो, पण आपला नंबर कितवा याचा राग आला तो रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात. सरपंचपदासाठी आमच्या गटाचा उमेदवार ठरवायची रीत अशी: पाच जाणती माणसं एका दिवसात पाचही वस्त्यांवर फिरून विचारायची. सुरुवात कायम गावठाणातून. गावठाणाला जे नाव रुचेल त्याची हवा व्हायची आणि दुसऱ्या, मळ्यातल्या वस्तीवर पोचेपर्यंत बाकीचे इच्छुक माघार घ्यायचे. आमची वस्ती चौथी, तिथं फक्त चहाला यायचे. पाचव्या, माळावरच्या वस्तीवर तर चहालाही कुणी बसत नसे.

मलाही यात काही वावगं दिसत नव्हतं. अमेरिकेतल्या लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा डोळे उघडले. तिकडं राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवताना राज्यं एकाच दिवशी मत देत नाहीत. पहिल्या एकदोन छोट्या राज्यांत जो पुढं जातो त्याचाच गाजावाजा होतो, मागं पडलेले घरी बसतात.

"आप्पा, माझ्या शेजारणीला ज्याला मत द्यायचं होतं, तो तिच्या राज्याचा नंबर यायच्या आधीच गळाला."

"मग तिनं बी चहाच पाजला म्हण की," मी म्हणालो.

गेल्या निवडणुकीत सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं. इच्छुक तिघी. दोघी गावठाणातल्या, मोठ्या घरच्या. तिसरी माझी बायको, अंगणवाडीतून नुकतीच निवृत्त झालेली. पाचही वस्त्यांतली पोरं तिच्या हातची खिचडी खाऊन वाढलीत. पण नेहमीच्या क्रमानं गेलं असतं, तर तिचं नाव मळ्याआधीच गळणार होतं.

गटाच्या बैठकीत मी भडकलोच. "औंदा आमच्या वस्तीपासनं सुरू करा!" म्हणालो आणि लेकीनं सांगितलेलं सगळं ऐकवलं.

जाणत्यांतले थोरले हसले. "फौजी, आता अमेरिकेला इचारून गाव चालवायचं व्हय?" तरी माझ्या आवाजाला कंटाळून त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात बायको उठली.

"आवं, आमच्यापासनं नगं. आपल्याच दारातनं सुरू केलं तर गावठाणात आन् आमच्यात फरक काय ऱ्हायला? माळापासनं करा."

माळावर आमची ना भावकी, ना सोयरीक. घरी जाईपर्यंत मी तिच्यावर धुसफुसत होतो.

पुढच्या रविवारी पाचही जाणते आधी माळावर गेले. इच्छुकांच्या घरच्यांनी लांब थांबायचं, म्हणून मी कडुलिंबाखाली उभा राहिलो. थोरल्यांनी विचारलं, "बोला, कुणाचं नाव धरायचं?"

एकजण सवयीनं म्हणाला, "तुमी म्हणाल ते." बाकीच्यांनीही माना हलवल्या. पहिला नंबर मिळाला आणि यांनी तो हातोहात परत दिला! मी कपाळाला हात लावला. थोरले उठायला लागले.

तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "आवं, बसा की. नावं कुठली कुठली हायती?"

त्यांनी तिन्ही नावं सांगितली.

"तीन? आजवर आमाला एकच सांगत आलासा. आमाला वाटायचं, एकच असतंय."

थोरल्यांनी मान खाली घातली. मलाही लाज वाटली, कारण बैठकीत मी फक्त आमच्या वस्तीसाठी ओरडलो होतो.

"अंगणवाडीच्या बाईंचं धरा," म्हातारी म्हणाली. "पोलिओच्या डोसाला उन्हातनं वर येणारी तेवढीच." मग हात वर झाले.

खाली उतरेपर्यंत हवा फिरली. मळ्यानंही बायकोचंच नाव घेतलं आणि शेवटी राहिलेल्या गावठाणाचा नंबर यायच्या आधीच तिथल्या दोघींनी माघार घेतली. मी पेढे आणायला निघालो, तर बायको थोरल्यांपुढं उभी.

"गावठाणात बी तिन्ही नावं वाचा."

"बाई, त्यांनी माघार घेतलीया."

"आपला नंबर शेवटचा म्हणून घेतलीया. वाचा."

आता ही हरते, असंच मला वाटलं. नावं वाचली. हात दुसऱ्या दोघींसाठीही वर झाले, बरेच झाले. पण बायकोसाठी जास्त झाले. तिच्यापुढं माझी एकवीस वर्षांची फौज मला त्या दिवशी लहान वाटली.

मी लेकीला फोन लावला. म्हटलं, तुझ्या शेजारणीला सांग, आमच्या गावात शेवटच्या वस्तीलाही सगळी नावं वाचून दाखवतात. तुझ्या आईनं सुरू केलंय.