तीन दिवसांचं कलम

गेल्या मार्गशीर्षातल्या एका सोमवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने माझ्या थोरल्या बहिणीचं कँटीनचं कंत्राट फोनवर संपवलं. फोन प्रशासन अधिकाऱ्याचा होता. "उद्यापासून येऊ नका. भाजीत अळी निघाली," एवढंच तो म्हणाला.

अक्का आठ वर्षं तिथे दुपारचं जेवण पुरवत होती. हाताखाली चार बायका. त्या दिवशी जेवलेल्या एकाही कामगाराने अळी पाहिली नव्हती. रात्रीपर्यंत कळलं की कंत्राट अधिकाऱ्याच्या साडूला द्यायचं ठरलं आहे.

मी जळगावात वार्ताहर आहे. तिने करारपत्राचे फोटो मोबाइलवर पाठवले. चार पानं होती. कलम नऊ: करार संपवायचा असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस. कलम दहा: कंत्राटदाराने सलग तीन दिवस जेवण आणलं नाही, तर करार नोटिशीशिवाय संपेल.

डाव कलम दहाचा होता. आमच्याकडे ज्या दारातून 'येऊ नका' ऐकलं, त्या दाराचं कोणी पाणीही पीत नाही. अक्का रागाने घरी बसणार, हे अधिकाऱ्याने गृहीत धरलं होतं. तीन दिवस ती बसली असती, तर करार तिने मोडला असं झालं असतं. दुसऱ्या कारखान्यात काम मागताना आधीचा करार कसा संपला याचं पत्र जोडावं लागतं. 'काम सोडून गेली' असं पत्र आणि मागे अळीची कुजबुज, एवढ्यावर तिला कोणी उभं केलं नसतं.

"उद्या स्वयंपाक कर," मी फोनवर म्हणालो. "नेहमीसारखा. सगळा."

पहाटेच्या एसटीने मी धुळ्याला गेलो. बारा वाजता टेम्पो फाटकाशी होता. पहारेकरी नाना आठ वर्षं तिच्या हातचं जेवलेला.

"अक्का, तुमले आत सोडाना हुकूम नही शे."

"माले आत येनंच नही, नाना. तुम्ही फक्त लिखा. बठ्ठा सयपाक बाराले दारशी उना."

"सायेब मनावर चिडी ना!"

"चिडू द्या. आज कढी-फुनके शेतस. तुमना डबा बाजूले काढेल शे."

"मंग पहिलेच सांगानं ना," म्हणत नानाने फाटकाच्या नोंदवहीत वेळ, गाडीचा नंबर आणि भांडी लिहिली. मी पानाचा फोटो काढला. जेवण रस्त्यावरच्या ट्रकचालकांनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी स्वतः फाटकाशी आला. "नको म्हटलं तरी येता? लाज नाही वाटत?"

"लाज आहे, साहेब. नोटीस नाही," अक्का म्हणाली. "लेखी द्या, जाते."

तिसऱ्या दिवशी तिने शेवभाजीच्या पातेल्याचं झाकण वाऱ्याबरोबर वास कारखान्यात जाईल अशा बाजूने उघडलं. तारेच्या कुंपणापलीकडून एक कामगार ओरडला, "अक्का, आठे वरणमा दाय सापडत नही!"

"साडूले सांगा बुडी माराले!"

चौथ्या दिवशी अधिकाऱ्याने कागद पुढे केला. 'परस्पर संमतीने करार संपुष्टात.' सही केली असती तर करार तिथेच संपला असता आणि अळी तशीच राहिली असती. अक्काने कागद घडी घालून त्याच्या हातात परत दिला. "त्या दिवशी फोन केला तेव्हा संमती कुठे विचारली होती?"

ही बातमी मी छापली नाही. घरच्या माणसाची बातमी आम्ही छापत नाही, हे एक कारण. छापली असती तर त्याला एक दिवस लाज वाटली असती, हे दुसरं. मला महिना हवा होता.

फाटकाच्या नोंदी आणि करारपत्र मी मुख्य कार्यालयाला पाठवलं. आठ दिवसांत लेखी नोटीस आली. कारण: व्यवस्थापनाची सोय. महिना संपेपर्यंत जेवण अक्काचंच.

कँटीनमध्ये एक नियम होता. वाढप सुरू होण्याआधी प्रशासन अधिकाऱ्याने एक ताट जेवायचं आणि चव-नोंदवहीत शेरा लिहून सही करायची. तो न जेवताच सही करत असे. आता अक्का त्याला ताट वाढून समोर उभी राहू लागली. मागे कामगारांची रांग.

"अळी दिसली का, साहेब?"

"नाही."

"मग तसं लिहा."

सव्वीस कामाचे दिवस त्याने लिहिलं. 'अळी नाही. चव चांगली.' एकदा तो ताप आहे म्हणाला. अक्काने मऊ खिचडी केली आणि नोंदवही सोबत ठेवली. मी तिला एकदाही पुरे म्हटलं नाही. रोज फोन करून विचारायचो, आज त्याने काय खाल्लं.

शेवटच्या दिवशी तिला पत्र मिळालं: करार नोटिशीने संपला, काम समाधानकारक. त्या पत्रावर तिला अमळनेरच्या एका कारखान्याचं कँटीन मिळालं. चौघी बायकाही तिच्याबरोबर गेल्या.

नोंदवहीच्या सव्वीस पानांच्या प्रती आणि साडूच्या नात्याची माहिती मी मुख्य कार्यालयाला पाठवली. पोच आली, उत्तर आलं नाही.

अधिकाऱ्याची नेमणूकही करारावर होती, एक-एक वर्षाची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी कारखान्यात फोन करून खात्री केली. नेमणुकीची मुदत एकतीस मार्चला संपली होती आणि ती वाढवलेली नव्हती. मुदतीने संपणाऱ्या नेमणुकीला नोटीस लागत नाही. ती देण्यात आली नव्हती.