मोठेबांचं बर्फाचं गाव

ऐन वैशाखात, गोरेगावचा बाजार उन्हानं ओस पडायचा तेव्हाही, आमच्या मोठेबांच्या पायात लोकरीचे मोजे असायचे. मोठेबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. फौजेत होते. डाव्या पायाची पाचही बोटं लडाखच्या बर्फात गेली आणि ते घरी परतले. लग्न केलं नाही. कुणी मोज्यांबद्दल विचारलं की म्हणत, "पायाला थंडीची याद हाय."

दुष्काळाच्या साली बाया विहिरीवर घागरी मांडून तासन्‌तास बसायच्या. "मोठेबा, बर्फाचं सांगा," म्हणायच्या. मग ते सांगत. तिथं पंधरा घरांचं एक गाव आहे. सहा महिने वाट बंद. खाली जनावरं बांधतात, त्यांच्या उबेवर वर माणसं राहतात. गोवऱ्या जाळतात, जवाचं भाजकं पीठ खातात, चहात लोणी अन्‌ मीठ घालतात. नदी गोठली की तीच सडक. "पाणी कुऱ्हाडीनं फोडून घरी न्यावं लागतं," असं ते म्हणाले की बाया आपल्या रिकाम्या घागरींकडं बघायच्या. तिथं घरोघरी बुद्धाची मूर्ती आहे, हेही ते सांगत. आमच्या वस्तीत बुद्धाचं चित्र येऊन वीस वर्षंही झाली नव्हती. त्यामुळे माझ्या आईला ते गाव नात्यातलंच वाटायचं.

एकदा आईनं विचारलं, "मोठेबा, त्या गावात तुमचं कोन होतं?"

त्या दिवशी त्यांनी कधी न सांगितलेलं सांगितलं. वादळात ते आणि त्यांचा एक सोबती वाट चुकले होते. गावातल्या एका म्हातारीचा मुलगा शोधायला निघाला. त्यानं मोठेबांना पाठीवर घेऊन गोठलेल्या नदीवरून आपल्या घरी आणलं, चुलीपाशी ठेवलं आणि सोबत्यासाठी परत गेला. दोघंही आले नाहीत. बर्फानं वाट बंद झाली आणि दोन महिने मोठेबा त्याच घरात अडकले. म्हातारीला सगळे आमा म्हणत. ती रोज त्यांच्या पायांना लोणी लावायची आणि लेकाचे मोजे चढवायची.

"एक शब्द वाकडा बोलली न्हाई. मी जेवायचो, अन्‌ ती दाराकडं बघायची."

वाट उघडताच पहिल्या गाडीनं त्यांना दवाखान्यात नेलं. मुलगा सापडला की नाही, ते त्यांना कळलंच नाही.

"मग जाऊन इचारा की," आई म्हणाली.

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

आईनं तो विषय सोडला नाही. तीनेक वर्षांनी, एका उन्हाळ्यात, ते गेले. महिन्यानं परतले आणि ओट्यावर बसून राहिले. आईनं पाणी आणून दिलं, तेव्हा सांगू लागले. आमा वारली होती. तिच्या सुनेनं, त्या मुलाच्या बायकोनं, सांगितलं, बर्फ वितळल्यावर दोघं नदीच्या वळणावर सापडले. मुलानं सोबत्याला आपल्या अंगाखाली घेतलं होतं. आणि पुढं दर हिवाळ्यात आमा चुलीपाशी बसून विचारायची, त्या खालच्या मुलखातल्या पोराचे पाय बरे झाले असतील का.

"दहा सालं मी शरमेनं गेलो न्हाई," मोठेबा म्हणाले, "अन्‌ ती माउली माझे पाय इचारून राहिली होती."

त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

मग दर वर्षी पावसाळा सरला की ते माझ्याकडून त्या सुनेला हिंदीत पत्र लिहून घ्यायचे. उत्तर यायला उन्हाळा उजाडायचा.

एका पौषात, दोन दिवसांच्या तापानं मोठेबा गेले. मी तसं कळवलं. ज्येष्ठात उत्तर आलं, तिथल्या कुण्या मास्तरांच्या अक्षरात. वाट बंद होती, पत्र काल मिळालं, आमच्या घरचं माणूस गेल्यावर लावतो तो लोण्याचा दिवा आज लावला, हिवाळाभर आम्ही त्यांना जिवंतच समजत होतो, असं त्यात होतं.

मी पत्र वाचून दाखवलं. आई निवडायचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ते बाजूला ठेवलं.

"म्हंजी तिथं पाच म्हैने जास्ती जगले," ती म्हणाली.