बाभळीच्या वळणावर दिलेला हात

पडेगावच्या पुढं डांबर अरुंद होतं, तिथल्या वळणावर मी मागच्या कारला हात दिला. म्हणजे सायकलवरूनच उजवा हात हलवून ‘जा पुढं’ असं खुणावलं. तो बिचारा केव्हाचा माझ्या मागं रेंगाळत होता, मलाच अवघडल्यासारखं झालं. माझ्या हातावर विश्वास ठेवून तो निघाला आणि समोरून कडब्याचा ट्रॅक्टर आला. कार डावीकडं दबली, मी आणखी डावीकडं, थेट बाभळीत.

कुणाला फारसं लागलं नाही. माझ्या दंडावर काट्यांनी नक्षी काढली, तेवढीच. खरी पंचाईत वेगळी होती. लेकीला याच रस्त्यावरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. बसच्या वेळा जुळत नव्हत्या आणि तिला सायकलनं जायचं होतं. “आधी तुम्ही जाऊन या, मग ठरवू,” असं बायकोनं बजावलं होतं. आणि परीक्षेला बसलेला बाप असा काट्यात!

मेंढ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला ओढून काढलं.

“साहेब, वळणाच्या फुडचं दिसत व्हतं का तुमाला?”

“नाही.”

“मंग हात कामून दिला?”

“मागं ताटकळला होता हो. बरं दिसेना.”

“ताटकळू द्या की! लगीन लागायलंय का त्याचं?”

तेवढ्यात त्याच्या मेंढ्या वळणाशी आल्या. तो स्वतः पुढं गेला, पलीकडं पाहिलं, मगच त्यांना हाक दिली. तोवर एक टेम्पो निमूट उभा.

“लई कडंला चिकटलं की गाडीवाल्यांला वाटतं, जागा हाय,” तो म्हणाला. “वळणावर जरा आत ऱ्हावा. सरळ रस्ता आला की द्या वाट.”

परतताना त्याच वळणावर मी कडेपासून हातभर आत राहिलो, दोन्ही हात हँडलवर. मागं हॉर्न वाजला. कान तापले, पण हात हलला नाही. सरळ रस्ता लागल्यावर डावीकडं झालो. गाडीवाला शिवी न देता गेला, याचं मलाच नवल.

घरी सगळं खरं सांगितलं. फाटक्या बाहीनं लपवणार तरी काय? लेक दारात कान देऊन उभी. बायको काटे काढत शेवटपर्यंत ऐकत होती.

“जाऊ द्या तिला,” ती म्हणाली. “आठवडाभर तुम्ही मागं राहा म्हणजे झालं. ती काही तुमच्यासारखी भिडस्त नाही. परवा माझ्या आईला म्हणाली, थांब गं आजी, आधी माझी वेणी होऊ दे.”