काठावरचा कढीपत्ता

तपास अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात सकाळी मी सांगितलं, की आरोपीच्या बाजूने जाणारा जबाबही दोषारोपपत्राला जोडायचा, त्याच्या वकिलाला द्यायचा. सगळ्यांनी माना हलवल्या.

मधल्या सुट्टीत एक फौजदार पोहे खात माझ्याजवळ आले. बोलता बोलता त्यांची बोटं कढीपत्ता वेचून बशीच्या काठावर ठेवत होती. बशीकडे त्यांचं लक्षही नव्हतं. "मॅडम, ज्याचा केसला उपयोग नाही, तो जबाब कशाला जोडायचा?"

चेहऱ्यावर कसलाच कावा नव्हता. असाच, निव्वळ सवयीने, एखादा जबाब काठावर जात असेल आणि कुणीतरी तुरुंगात बसून राहत असेल. मला राग यायला हवा होता, पण आत काहीच झालं नाही.

"शेवटी केस टिकायला हवी ना?" ते म्हणाले.

मी मान हलवली, सकाळी त्यांनी हलवली होती तशीच.