तळाचा फोटो

सदाशिव पेठेतल्या एका वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट मेहनाज सांभाळायची. तेव्हाच्या फोनच्या लाइनवरच्या संथ इंटरनेटवर स्थळांचे फोटो उघडेपर्यंत लोक कंटाळून उठून जात. तिने प्रत्येक फोटोतला मागचा पडदा छाटला, फाइलचा आकार कमी केला, चेहरा तेवढा स्वच्छ ठेवला. पान चटकन उघडू लागलं. संचालक गद्रेकाका खूश होऊन म्हणाले, "पानाच्या तळाशी तुझा फोटो मी स्वतः टाकून घेतो, नावासकट. शब्द आहे माझा."

नवं पान सुरू झालं त्या दिवशी तिने अब्बांना मुद्दाम सायबर कॅफेत नेलं. सगळी स्थळं झरझर उघडली. तळाचा एकच फोटो रखडत, पट्टीपट्टीने खाली उतरू लागला. आधी केस आले, मग कपाळ. अब्बा चष्मा सावरून लेकीच्या चेहऱ्याची वाट बघत होते.

मग मिशी आली. फोटोतच खाली नाव घातलं होतं: 'संकेतस्थळाचे शिल्पकार, अभिनव गद्रे'. काकांचा पुतण्या. हे महाशय ऑफिसात फक्त चहाला येत.

"तुझा फोटो कुठंय?" अब्बांनी विचारलं.

मेहनाज खुर्ची सारून उठली. "माझा असता तर इतका वेळ लागला नसता, अब्बा."