घासलेली काच

लेन्स विकत घ्यायला येणारा माणूस पहिल्यांदा मोबाईलची बॅटरी पेटवतो. काचेच्या एका टोकाकडून उजेड मारतो, दुसऱ्या टोकाला डोळा लावतो आणि "आत धूळ आहे" असं जाहीर करतो. आत धूळ असतेच. सुरतेत लिंबायतमध्ये राहून मी ज्या हवेत श्वास घेतो तिच्यातच कापडाच्या लूमचा इतका बारीक तंतू आहे, की धूळ नसलेली जुनी लेन्स माझ्याकडे आली तर मीच घाबरेन. पण त्याने कुठल्यातरी व्हिडिओत बॅटरी मारायला शिकून घेतलेलं असतं. फोटो कसा येतो हे मात्र तो विचारत नाही.

गेली बारा वर्षं मी जुन्या लेन्स घेतो, उघडतो, पुसतो, बसवतो आणि विकतो. घराच्या पुढच्या खोलीत टेबल आहे, टेबलावर दिवा आणि फुंकणी. एवढ्या वर्षांत माणसांबद्दल माझं मत काही सुधारलेलं नाही. लग्नाचे फोटो काढणारे हळद, अत्तर आणि पनीरची ग्रेव्ही लागलेली लेन्स आणतात आणि "जरा जाम झालीय" म्हणतात. सुरतच्या दमट हवेत बुरशी लागू नये म्हणून एकाने लेन्स तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. मी ती उघडली तेव्हा दोन काचांच्या मध्ये तांदळातला किडा मरून पडला होता. "हा कुठून आला?" असं त्याने मलाच विचारलं.

या सगळ्या मंडळींना मी नावं ठेवायचो आणि आई दारातल्या ओट्यावर बसून ऐकायची. तिचं माझ्याकडे एकच मागणं होतं. वर्षातून चार-पाच वेळा तरी ती म्हणायची, "भाऊ, मना एक फोटू काढी ठेव. तुना बापसारखा शिक्कावाला नको माले."

वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. शेवटी कारखान्याच्या ओळखपत्रावरचा मोठा करून भिंतीवर लावला. त्यांच्या डाव्या गालावर कारखान्याच्या शिक्क्याची अर्धी गोलाई आहे, जांभळी. आल्यागेल्याला ती दिसतेच. आपण गेल्यावर त्या फोटोशेजारी आपला असा उसना फोटो लागू नये, एवढंच आईला हवं होतं.

काढू की, मी म्हणायचो. आणि खरं सांगायचं तर आईला मी कॅमेऱ्यासमोर किती वेळा बसवलं याची मोजदाद नाही. दुरुस्त केलेली प्रत्येक लेन्स तपासावी लागते. आमच्या समोर शेजाऱ्यांची गिलावा न केलेली विटांची भिंत आहे. विटांच्या रेघा सरळ असतात, त्यामुळे लेन्स कुठे वाकडं दाखवते ते चटकन कळतं. मधोमध विटा घ्यायच्या आणि फोटोचा कोपरा कसा येतो ते बघायला तिथे काहीतरी बारीक नक्षीचं ठेवायचं. आईच्या पातळावर बारीक फुलं असायची. म्हणून मी तिला कोपऱ्यात बसवायचो आणि म्हणायचो, "हालू नको."

सुरुवातीची काही वर्षं तिला वाटायचं, हाच तो फोटो. केसांना तेल लावून, ठेवणीतलं जांभळं पातळ नेसून, पदर सारखा करून ती स्टुलावर बसायची. मग उठून यायची आणि बघू म्हणायची. मी पडद्यावर विटा मोठ्या करून बघत असायचो. कोपऱ्यात ती असायची, अर्धी कापलेली, पुसट. "हा टेस्टचा आहे गं," असं म्हणून मी तो तिच्यासमोरच पुसून टाकायचो. पुढे तिने तेल लावणं सोडलं. मी हाक मारली की हातातली मेथीची जुडी घेऊनच कोपऱ्यात येऊन बसायची आणि विचारायची, "भितना फोटू काढी लिधा? आते मना काढ." मी हसायचो. मला तो विनोद वाटायचा.

त्याच सुमारास माझ्याकडून एका रत्नकलाकाराने पन्नास मिलिमीटरची एक जुनी लेन्स नेली. तो वराछाकडच्या हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसायचा, म्हणजे फिरत्या चकतीवर हिरा घासायचा. वयाने माझ्याएवढाच, शांत, काठियावाडी. त्याने बॅटरी मारली नाही. त्याने खिशातून हिरे तपासायचं भिंग काढलं, डोळ्यात अडकवलं आणि पुढच्या काचेवर केसाएवढा ओरखडा शोधून काढला. मी त्याला समजावलं, हा ओरखडा फोटोत येत नाही, जन्मात येणार नाही, विसरून जा. त्याने मान हलवली आणि लेन्स घेऊन गेला.

आठवड्याने तो परत आला. चेहऱ्यावर खुशी आणि चिंता दोन्ही. "भाई, आ जुओ, एक डाघ पण नथी." काच खरंच आरशासारखी झाली होती. पण तिच्यावर जांभळट-हिरवी झाक असते ना, तीच नव्हती. ती झाक म्हणजे काचेवरचा लेप. तो गेला की उजेड आत शिरून सैरावैरा पसरतो. या गृहस्थाने हिऱ्याची भुकटी तेलात कालवून, फडक्यावर घेऊन, ओरखडा जाईपर्यंत लेन्स घासली होती. जगातली सगळ्यात कठीण वस्तू जो दिवसभर घासतो, त्याच्यापुढे बिचारी काच किती टिकणार? आता फोटो धुकट येतात, काही करता येईल का, असं तो विचारत होता.

त्या वेळी खोलीत आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी लेन्स उंच धरली आणि त्या दोघांना दाखवून म्हणालो, "हे बघा, भाईंनी लेन्सला पैलू पाडलेत. आता अंगठीत बसवून देतो." ते दोघं खो खो हसले. तो रागावला नाही. त्याने लेन्स घेतली, पिशवीतल्या कॅमेऱ्याशेजारी ठेवली आणि बाहेर गेला. मी पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा सांगत होतो, नक्कल करून.

तो ओट्यावर चपला घालत असताना आई तिथेच बसली होती, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

पंधरा-वीस दिवसांनी मी इच्छापोरला एका कंपनीतल्या माणसाकडे जुनी लेन्स बघायला गेलो होतो. लेन्स टाकाऊ निघाली, माणूस त्याहून टाकाऊ. चिडून घरी आलो तर भिंतीवर वडिलांच्या शेजारी नवी फ्रेम. आईचा फोटो. ओट्यावर बसलेली, मांडीवर परातीत मेथी, मागे दाराची चौकट. आई मान किंचित तिरकी करून हसत होती. पुढचा एक दात नाही म्हणून ती हसताना पदर तोंडाशी नेते. फोटोत पदर अर्ध्या वाटेवर होता आणि दात नसल्याचं दिसत होतं.

"कोनी काढा?" मी विचारलं.

"तो हिरावाला," आई म्हणाली. "त्या दिन मी तेले सांगं, माले एक फोटू काढी दे. तेनी ओटावरच काढा. आज दी गया. खिळा बी तेनीच ठोका."

मी खुर्ची ओढून वर चढलो आणि फोटो जवळून बघितला. त्याच घासलेल्या लेन्सने काढलेला. उन्हाचा उजेड आईच्या पांढऱ्या केसांवरून बाहेर सांडलेला. काळं म्हणावं असं कुठेच काळं नाही. फोकस डोळ्यावर नाही, कानातल्या कुडीवर. मी हे सगळं मोठ्याने बोलून दाखवलं. कोपरे तर विचारूच नका, म्हणालो. असला फोटो मी कुणाला दिला असता तर त्याने तो माझ्या तोंडावर मारला असता, असंही म्हणालो. मला फार झोंबलं होतं. बारा वर्षं या घरात लेन्स आहेत, एकेक अशी की लोक दुसऱ्या गावाहून शोधत येतात, आणि माझ्या आईने एका परक्या माणसाकडे फोटो मागितला, तोही मी चारचौघांत ज्याची चेष्टा केली त्याच्याकडे.

आईने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "तेनी माले सांगं, मासी, जरा हसो." आणि तिने विचारलं, "तू सांगं का कधी?"

मी खुर्चीवरून उतरलो. कपाटातून माझी सगळ्यात चांगली लेन्स काढली, जी मी कुणाला विकत नाही. आईला म्हणालो, चल, ओट्यावर बस, आता मी काढतो. नको रे, कशाला आता, म्हणत ती उठलीच. आत जाऊन केसांना तेलाचा हात लावून आली. जांभळं पातळ आता विरलं होतं, तरी तेच नेसली. या वेळी तिला मी कोपऱ्यात नाही, मधोमध बसवलं. मागे विटा नव्हत्या. मी काही सांगण्याआधीच ती हसायला लागली होती, दात नसलेली जागा दिसेल असं, पदर खालीच ठेवून. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तिच्या डाव्या डोळ्यावर फोकस आणला, पापणीचा केस न् केस दिसू लागला, आणि माझ्या तोंडून निघालं, "हालू नको."

तिने तोंड मिटलं, हात मांडीवर ठेवले आणि ताठ बसली.